हिरव्या चाफ्याची गुटी

हिरव्या चाफ्याच्या सर्वांत खालच्या फांदीवर, जमिनीपासून सत्तर सेंटीमीटरवर, एक गाठोडं बांधलेलं होतं. लांबी दहा सेंटीमीटर, मध्ये जाडी मोसंबीएवढी. बाहेरून नव्या साडीवर येते तसली पारदर्शक पिशवी, आत ओला काथ्या. दोन्ही टोकांना केळीच्या सोपाचा दोर. खालची गाठ घट्ट, वरची सैल. बांधणाऱ्याचा हात वरच्या गाठीपर्यंत थकला असावा. पिशवीच्या आतून पाण्याचे बारीक थेंब धरले होते, आणि वरच्या टोकाला सोललेल्या सालीची कड अर्धा सेंटीमीटर बाहेर डोकावत होती. म्हणजे साल वाजवीपेक्षा रुंद सोलली होती.

गुटी होती ती. दसऱ्यानंतर मी बारा दिवस मुलीकडे बंगळूरला होते आणि परत येऊन तीन दिवस झाले होते. म्हणजे गुटीचं वय जास्तीत जास्त पंधरा दिवस. घरात आम्ही दोघंच राहतो, मी आणि माझे सासरे सूर्यनारायणराव. मी त्यांना मामंजी म्हणते. त्यांचं वय सत्त्याऐंशी. तेव्हा गुटी कुणी बांधली हा प्रश्नच नव्हता. कुणासाठी बांधली, हा होता.

ज्यांनी झाडं लावली आहेत त्यांना गुटी म्हणजे काय ते सांगायला नको. फांदीची साल बांगडीएवढी काढायची, त्या जागी ओला काथ्या गुंडाळायचा आणि फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटू द्यायची. मुळं आली की कापून दुसरीकडे लावायची. नर्सरीवाले हे रोज करतात. आमच्या घरात मात्र ते एकाच कारणासाठी होत आलं आहे. मुलीचं लग्न ठरलं की तिच्या बापानं परसातल्या तिच्या आवडत्या झाडावर गुटी बांधायची. मुळं यायला दोन महिने लागतात, तोवर लग्नाची तयारी होते, आणि मुलगी जाते ती गुटी घेऊन. सून येताना माहेरचं रोप आणते. मुलगी जाताना इथलं नेते. राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत बाकीच्यांची लग्नं पत्रिकेवरून कळत, आमच्या घरचं लग्न भिंतीवरून डोकावून कळे. माझी नणंद कामाक्षी, तिच्या वेळी डाळिंबावर गुटी दिसली आणि दिवेलागणीपर्यंत पाच बायका मुलगा काय करतो ते विचारून गेल्या.

सुनेनं आणलेल्या झाडावर गुटी कधी बांधली गेली नव्हती. सून कुठं जाणार?

आणि हिरवा चाफा माझा होता. छत्तीस वर्षांपूर्वी कुंभकोणहून भाड्याच्या मोटारीत मांडीवर धरून मी तो आणला होता. इथले तमिळ शेजारी त्याला मनोरंजितम म्हणतात.

मला एकच शक्यता दिसली. मी मुलीला, विनुताला, फोन लावला.

“तुझं काही ठरलंय का?”

“काय ठरायचंय?”

“लग्न. आजोबांनी गुटी बांधलीय. माझ्या चाफ्यावर.”

ती हसायला लागली. “अम्मा, ठरलं तर पहिला फोन तुला करीन, आजोबांना नाही. आणि चौथ्या मजल्यावर हिरवा चाफा लावू कुठं, वॉशिंग मशीनवर?”

“मग त्यांचा काही गैरसमज झाला असेल.”

“आजोबांचा? त्यांना अजून एकोणतीसचा पाढा येतो.” मग तिचं हसणं थांबलं. “अम्मा, त्या घरात आणखी मुलगी कोण आहे?”

“कुणी नाही.”

“नीट मोज,” ती म्हणाली, आणि तिनं फोन ठेवला.

मी चाफ्याजवळच्या कपडे धुण्याच्या दगडावर बसले. दगडाभोवती अकरा कुंड्या होत्या. त्या अकराहींत लावलेली रोपं व्यंकटरमणांनी आणलेली होती.

मी जिल्ह्याच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली. शेतकरी पिशवीतून माती आणत. आम्ही तिचा सामू म्हणजे पीएच, क्षार, नत्र, स्फुरद, पालाश काढून कागद देत असू. बहुतेक जण वावराच्या एका कोपऱ्यातली मूठभर माती उचलून आणत. पापनाशमजवळ कालव्याकाठी नर्सरी असलेले व्यंकटरमण मात्र प्रत्येक वाफ्याची वेगळी पुडी आणत, आणि पुडीवर खोली लिहिलेली असे: पंधरा सेंटीमीटर, तीस सेंटीमीटर. असा नमुना आणणारा माणूस मला नोकरीत दुसरा भेटला नाही. त्यांच्या घरीही मराठीच बोलत, पण आमच्यापेक्षा जास्त तमिळ मिसळून. त्यांची पत्नी भुवनेश्वरी जाऊन नऊ वर्षं झाली. माझे पती राघवेंद्र जाऊन चार.

दोन वर्षांपूर्वी मी निवृत्त झाले. त्यानंतरच्या रविवारी व्यंकटरमण अनंताचं रोप घेऊन घरी आले. “मॅडम, आता माती तपासायला कुठं येऊं?” असं म्हणाले, आणि मग तसंच सरळ, पाणी मागावं इतक्या साधेपणानं, त्यांनी मला लग्नाचं विचारलं. “आत्ताच सांगूं नका. सवडीनं सांगा.”

मी म्हटलं, अनंत फुलला की सांगते.

अनंत फुलला नाही. त्याची पानं पिवळी पडत गेली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. हे लोह न मिळण्याचं लक्षण आहे. पाणी अल्कधर्मी असलं की अनंताला मातीतलं लोह घेता येत नाही. आमच्या विहिरीच्या पाण्याचा सामू आठ पूर्णांक दोन आहे. ती मुदत देताना मला हे ठाऊक होतं.

त्यांनाही ते ठाऊक असणार, कारण त्या पाण्याचा आकडा मीच त्यांना कधीतरी सांगितला होता. तरी ते दर दोन महिन्यांनी एक रोप आणत राहिले. कण्हेर, मरवा, कलमी सोनचाफा, एकदा दवणा. दवणा आमच्या मे महिन्यात टिकला नाही. रोप आणायचं, कापी प्यायची, मामंजींचे टोमणे ऐकायचे, अकराच्या बसनं परत जायचं. मी प्रत्येक रोपासाठी कुंडी शोधायची. जमिनीत एकही लावलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की जमिनीत जागा नाही, आणि तेही खरं नव्हतं.

जमीन राघवेंद्रची होती, असं म्हणता येईल. ते बँकेत होते. झाडांबद्दल त्यांना काही म्हणता काही माहीत नव्हतं, आणि झाडांवर त्यांचा फार जीव होता. होसूरच्या प्रदर्शनातून गुलाब आणायचे. तिथं थंडी, इथं काहिली. दोन महिन्यांत काड्या उरायच्या. मग पुढच्या वर्षी पुन्हा. भर दुपारी पाइप घेऊन पाणी घालायचे. मी म्हणायची, या वेळी घातलेलं निम्मं पाणी उडून जातं. “जाऊं दे, त्यालाही कुठं तरी जायचं असेल,” असं उत्तर यायचं. तुळशीपासून विहिरीपर्यंतच्या वाफ्याच्या विटा त्यांनी स्वतः तिरक्या बसवल्या, एकही सरळ नाही.

हिरव्या चाफ्याचं फूल पानांच्या रंगाचं असतं. ते शोधून सापडत नाही. कोवळं असताना त्याला वासही नसतो. पिवळं पडायला लागलं की एकदम सगळ्या परसात दरवळतं. इथं म्हणतात, मनात जे फळ आणाल त्याचा वास मनोरंजितमला येतो. लग्नानंतर चौथ्या वर्षी पहिलं फूल आलं, तेव्हा आम्ही दोघं पाऊण तास फांद्या चाळत होतो. राघवेंद्रना फणसाचा वास आला, मला पिकल्या केळ्याचा. मी सांगितलं की ही एस्टर नावाची रसायनं असतात, केळ्यातही असतात, तेव्हा माझंच बरोबर आहे. ते म्हणाले, तुझ्या एस्टरला सांग, मला फणसच पाहिजे. त्यानंतर दर वर्षी तेच भांडण. शेवटच्या वर्षी औषधांमुळे त्यांना वास येईनासा झाला होता. मी फूल उशाशी ठेवलं. त्यांनी डोळे मिटले, बराच वेळ श्वास घेतला आणि म्हणाले, “फणस.” पहिल्यांदाच मी वाद घातला नाही, आणि आता वाटतं, घालायला हवा होता.

ते गेल्यावर मी वाफ्यात काही हलवलं नाही. गुलाबाच्या वाळक्या काड्याही तशाच राहू दिल्या. मरवा त्यांच्या शेजारी लावायचा म्हटलं तरी हात खुरप्याकडे जात नसे.

दाराची कडी वाजली. रविवार होता, नऊ वाजले होते. व्यंकटरमण खांद्याला पिशवी आणि हातात रोप घेऊन उभे होते.

“ये, ये,” मामंजी ओसरीवरून ओरडले. “ये रे व्यंकटरमणा. आज काय आणलंस? आमच्या घरचं जंगल व्हायला अजून किती बाकी?”

“थोडंच बाकी आहे, मास्तर.” मामंजी शाळेत गणित शिकवत, सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं.

“आणि ही अजून तुझी मॅडमच?”

“त्या सांगतील ते नाव.”

“सरी, सरी, बरं. आधी कापी पी.”

मी कापी आणली. व्यंकटरमणांनी ती नेहमीसारखी उभ्यानंच घेतली आणि रोप घेऊन परसात आले. मामंजीही काठी टेकत मागून आले आणि दारातल्या खुर्चीवर बसले. हे ते एरवी करत नाहीत.

रोप बकुळीचं होतं. गुडघ्याइतकं, चकचकीत पानांचं, बुंधा सरळ.

“दोन वर्षांचं आहे,” व्यंकटरमण म्हणाले. “बियांतून मीच केलंय. सावकाश वाढतं. पण शंभर वर्षं कुठं जात नाही.”

“चांगलं आहे,” मी म्हटलं. “थांबा, कुंडी शोधते.”

मी वळलेही होते. ते म्हणाले, “नको.”

मी थांबले.

“मॅडम, बकूळ कुंडीत राहत नाही. तुम्हाला माहीत आहे. कुंडीतच ठेवायची असेल तर माझ्याकडे राहूं दे.” त्यांनी रोप खाली ठेवलंच नव्हतं, आता पुन्हा छातीशी नीट धरलं. “हे बारावं. मी आता आणायचं थांबवतो. रागानं नाही. दोन वर्षं थांबायला मला काही त्रास नव्हता. पण मी येत राहिलो तर तुम्हाला नाही म्हणायला अवघड होतंय, असं मला वाटायला लागलंय. म्हणून.”

“तसं नाही,” मी म्हटलं.

“मग कसं?”

मी कुंड्यांकडे पाहिलं. त्यांनी जरा वाट पाहिली. मग त्यांची नजर चाफ्याकडे गेली आणि नर्सरीवाल्याच्या सवयीनं ते वाकले.

“ही गुटी कुणी बांधली? साल फार सोललीय.”

“मी बांधली,” मामंजी दारातून म्हणाले. “तुझ्या नर्सरीत शिकायला आलों नव्हतों.”

“मुळं येतील, मास्तर. वरची गाठ तेवढी घट्ट करा, पाणी आत जातंय.” कुणासाठी बांधली हे त्यांनी विचारलं नाही. आमच्या घरची रीत त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी मामंजींना नमस्कार केला, मला मान लववली आणि बकूळ घेऊन ते गेले. कापीचा पेला दगडावर राहिला.

मी पेला उचलला, विसळला, पालथा घातला. मग वरची गाठ घट्ट करायला चाफ्याजवळ गेले.

“राहूं दे ती गाठ,” मामंजी म्हणाले. “इकडे ये.”

मी गेले.

“मी कुणासाठी बांधली ते कळलं ना तुला?”

“मला आधी वाटलं, विनुतासाठी.”

“एकतीस वर्षं माती ओळखलीस, आणि हें ओळखलं नाहीस?”

“मामंजी, गुटी लग्न ठरल्यावर बांधतात. आधी नाही. तुम्हीच सांगता.”

“होय कीं. मी दोन वर्षं थांबलों. माझ्याकडे आणखी दोन असतील असं वाटत नाही.” त्यांनी काठी खुर्चीला टेकवली. “आणि ती बापानं बांधायची असते. तुझे वडील नाहींत. म्हणून मी बांधली. त्यात एवढं काय बघत बसलीस सकाळपासून, पट्टी घेऊन?”

मी पट्टी घेतली नव्हती. वितीनं मोजलं होतं. पण ते सांगण्यात अर्थ नव्हता.

“तुमचं कसं होईल?” मी म्हटलं.

“माझं काय व्हायचंय?”

“सकाळची गोळी, दुपारच्या दोन, डोळ्यांत थेंब...”

“कामाक्षी आणि तिचा नवरा सुंदर पोंगलनंतर तिरुचीहून इकडेच यायचेत. सुंदर रिटायर होतोय. नवरात्रात बोलून घेतलं मी. वरची खोली त्यांना.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुला सांगितलं असतं तर तू त्यांना येऊं नका म्हणाली असतीस. माझे थेंब हें तुझं फार चांगलं निमित्त आहे, अगे. अनंत फुलण्यापेक्षाही चांगलं.”

मला हसू आलं आणि त्याबरोबर डोळ्यांत पाणीही. मी तोंड फिरवलं. समोर तो वाफा होता, तिरक्या विटांचा.

“आणि यांचं?” मी विचारलं. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

मामंजींनी त्या वाफ्याकडे पाहिलं. “राघवेंद्र माझा मुलगा. त्याच्यासाठी मी आहे इथं. त्याच्या गुलाबाच्या काड्यांना रोज बघायला मी पुरेसा आहे. तू किती वर्षं राखण करणार?”

“लोक काय म्हणतील ते मी मनाशी धरत नाही,” मी म्हटलं. “पण मी गेले तर ही जागा...”

“गेलीस तर! काशीला चाललीस काय? पापनाशम. पंचवीस किलोमीटर. मी सायकलनं जात होतों, दोन्ही बाजूंनी भात बघत. बस तासाला तीन आहेत. वाटलं तर रविवारी ये, माझ्या झाडांना नावं ठेव, जा.” ते दमले होते. दोन श्वास घेऊन पुन्हा म्हणाले, “मला एकच पाहिजे. होय तर होय, नाही तर नाही. नाही म्हणालीस तर मी ती गुटी काढून टाकीन आणि पुन्हा विषय नाही. पण तो माणूस बारावं रोप हातात तसंच घेऊन परत गेला, आणि तू पेला विसळत होतीस.”

नळ नीट बंद झाला नव्हता. थेंब पडत होते. मी जाऊन तो बंद केला. तिथंच, तुळशीच्या कट्ट्याजवळ उभं राहून मी फोन काढला. घड्याळात दहाला दहा कमी होते. अकराच्या बसची वाट न पाहता ते आज आधीच निघाले असतील. फोन बराच वेळ वाजला.

“हलो? मॅडम?” मागे इंजिनाची घरघर होती, आणि पापनाशमवरून पुढं जाणाऱ्या त्या बसचा कंडक्टर कुंभकोणम, कुंभकोणम असं ओरडत होता.

“तुम्ही बसमध्ये बसलात का?”

“काय? ऐकूं येत नाही.”

“बसलात का?”

“बसलो. रोप मांडीवर आहे. का? काय झालं? मास्तर बरे आहेत ना?”

“बरे आहेत. मला बोलायचं होतं.”

“बकुळीबद्दल का?”

“नाही. बकुळीबद्दल नाही.”

“मॅडम, जरा मोठ्यानं. हॉर्न वाजतोय.”

भिंतीपलीकडे शेजारच्या जननीअम्मा कपडे वाळत घालत होत्या. त्यांचे हात थांबले. मामंजी खुर्चीत पुढं वाकून बसले होते, काठीवर दोन्ही हात. मी फोन तोंडाजवळ धरला आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जावं इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“मी तुमच्याशी लग्न करते. मी पापनाशमला राहायला येते.”